संगणकातील पाण्याचा फेरा

पूर्ण जोमाने चालणारा शक्तिशाली प्रोसेसर 200 वॅट वीज सहज घेतो आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. खरी अडचण जागेची आहे, कारण ही उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. तिला तिथून उचलून ऐसपैस पृष्ठभागावर पसरवायचे आणि हवेच्या स्वाधीन करायचे, यासाठी द्रवशीतनाचा सगळा खटाटोप असतो.

एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता सामावून घेते, तेवढीसाठी सुमारे 3500 लिटर हवा लागते. म्हणून प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे पोहोचवणाऱ्या लेपाचा, पातळ थर देऊन तांब्याचा ठोकळा बसवतात. त्याच्या पोटात बारीक खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांतून पंप पाणी खेळवतो. तेथून ते नळीने रेडिएटरमध्ये जाते, तिथे पातळ पत्र्यांमधून पंखे हवा लोटतात, आणि निवलेले पाणी परत फिरते.

‘निवलेले’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर 200 वॅट उष्णता घेऊनही ते तीन अंशांहून कमीच तापते. त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीला हात लावला तर फरक जाणवतही नाही. हळूहळू तापते ते सगळे पाणी मिळून, आणि रेडिएटर तितकीच उष्णता बाहेर टाकू लागला की तापमान स्थिरावते. अर्थात पंखे कितीही वेगाने फिरवले, तरी पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होणार नाही.

त्यामुळे माझ्या मते रेडिएटर लहान असेल, तर चांगल्या हवाशीतकापुढे, म्हणजे पाण्याच्या फेऱ्याविना थेट हवेने प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या साधनापुढे, या व्यवस्थेचा फारसा लाभ नाही. गंमत म्हणजे त्या हवाशीतकाच्या तांब्याच्या बंद नळ्यांतही बहुधा थोडे पाणीच असते. ते एका टोकाला वाफ होऊन उष्णता नेते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रवरूप होते.

तांब्याच्या ठोकळ्याला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडल्यास ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून द्रवात गंजरोधक मिसळावे लागतात. शिवाय वर्षानुवर्षे नळ्यांच्या भिंतींतून थोडे पाणी वाफेच्या रूपाने निसटते, त्याची जागा हवा घेते आणि ती फेऱ्यातील सर्वांत उंच जागी साठते. तिथेच पंप असेल, तर तो हवा घुसळत खरखरू लागतो. त्यामुळे रेडिएटरचा निदान वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील, असाच तो बसवावा लागतो.