एसडीबी म्हणजे पेनड्राइव्हचं फोल्डर नव्हे

निफाडहून भाच्याचा फोन. द्राक्षबागेत तापमान नोंदवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवतोय. "मामा, दोन जीबीची इमेज डीडीनं चार सेकंदांत कार्डात गेली, पण कार्ड कोरंच!" (इमेज म्हणजे कार्डावर जशीच्या तशी उतरवायची अख्खी सिस्टीम एका फाइलीत, डीडी म्हणजे ती बाइटन् बाइट उतरवणारी लिनक्सची कमांड.) चार सेकंदांत? त्याच्या त्या जुनाट कार्ड रीडरनं? तिथेच मला कळलं काय झालं असणार.

पेनड्राइव्ह लावल्यावर दिसणारं, म्हणजे माउंट केलेलं, फोल्डर सगळ्यांना ठाऊक असतं. उघडा, फोटो टाका, काढताना इजेक्ट करा. त्यावर शब्द खर्च करत नाही.

गोंधळ लिनक्समधल्या 'डेव्ह' या उपकरणांच्या डिरेक्टरीतल्या 'एसडीबी' या फाइलीचा आहे. ती फोल्डर नाही, आणि तुमचे फोटोही तिच्यात नाहीत. 'एलएस -एल' ही फायलींची यादी दाखवणारी कमांड मारून बघा: ओळीचं पहिलं अक्षर 'बी', म्हणजे ब्लॉक, आणि जिथे फाइलचा आकार दिसायचा तिथे '८, १६'. या फाइलीचं भांडवल एवढंच. आठ म्हणजे कर्नलमधला, लिनक्सच्या गाभ्यातला, कुठला ड्रायव्हर, सोळा म्हणजे त्याच्याकडची कुठली डिस्क. नाव नुसतं आपल्या सोयीसाठी. म्हणून 'आरएम' या फाइल पुसणाऱ्या कमांडनं एसडीबी उडवली तरी डिस्कवरचा एक बाइटही हलत नाही. सातबारा फाडला म्हणून वावर जात नाही. पण तिच्यात लिहिलंत की थेट वावरात नांगर! फोटो 'सीपी' या कॉपीच्या कमांडनं एसडीबी१ वर, म्हणजे त्या डिस्कच्या पहिल्या भागावर (पार्टिशनवर), टाकलात, तर तो पेनड्राइव्हच्या आत जात नाही, पार्टिशनच्या पहिल्या बाइटपासून उमटतो. त्यावर फॅट ही फाइलसिस्टीम असेल तर कुठे काय ठेवलंय हे सांगणारा पहिला सेक्टरच गेला. मग "पेनड्राइव्ह फॉरमॅट मागतोय" म्हणून कपाळाला हात.

भाच्याचं उलट झालं होतं. कार्ड होतं एसडीबी, त्यानं टाइप केलं एसडीसी. तशी डिस्कच नव्हती. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, होतंच, मग डीडीनं त्या नावाची साधी फाइल निमूटपणे तयार केली. त्याच्या उबुंटू लिनक्समध्ये 'डेव्ह' डिरेक्टरी रॅममध्ये असते, म्हणून तो वेग. इमेज रॅममध्ये, कार्ड कोरं.

ब्लॉक आणि कॅरॅक्टर या दोन तऱ्हांच्या उपकरण-फायलींतला फरक परीक्षेत मार्कांना येतो, म्हणून उरकतो: ब्लॉकमध्ये हव्या त्या जागी उडी मारता येते, सिरियल पोर्टसारख्या कॅरॅक्टरमध्ये बाइट येतील तसे घ्यायचे. आणि "लिनक्समध्ये सगळंच फाइल असतं" हे वाक्य कोणी माझ्यासमोर फेकलं, तर मी त्याला 'डेव्ह'मध्ये नेटवर्क कार्ड शोधायला पाठवतो. सापडत नाही.

माझं म्हणाल तर मी 'डेव्ह'च्या डिस्क-बाय-आयडी डिरेक्टरीमधलं लांबलचक नावच वापरतो. त्यात कंपनी, मॉडेल दिसतं. एसडीबी आज कार्ड, उद्या बॅकअपची डिस्क.

भाच्याला एलएस मारायला लावलं. एसडीसीपुढे 'बी' नाही, नुसती आडवी रेघ, आणि आकार पुरा दोन जीबी.

"मग आता?"

"आता आरएम मार. या खेपेला खुशाल मार."