तारांमुळे तोंडाला वास येतो? नाही!

"दातांना तारा लावल्या की तोंडाला वास मारणारच, लोखंडच ते!" खानापूर-निपाणीकडे हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. या भीतीपोटी पोरं चांगला उपचार टाळतात, याचं फार वाईट वाटतं.

तारा आणि ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे) बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यांना स्वतःचा वास नसतो. वास येतो तो त्यांच्याभोवती साचणाऱ्या चिकट थराचा. त्यातले जंतू प्रथिनं कुजवतात, गंधकयुक्त वायू सोडतात. बेळगावी कुंदा खाऊन आरशात बघा: ब्रॅकेटच्या कडेला, हिरडीच्या बाजूनं, तपकिरी लगदा बसलेला दिसेल. नुसत्या गुळणीनं तो सगळा निघत नाही.

लवंग, बडीशेप, माउथवॉश हे घटकाभर वास झाकतात, एवढंच. आणि आजी कितीही मायेनं सांगो, मिश्री अजिबात नको. ती तंबाखूच आहे.

ब्रश हिरडीकडे 45 अंशांत तिरका धरा. आधी तारेच्या वरून, मग खालून, एकेका दातावर थांबत घासा. तारेखाली छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) सरकवा. खरी घाण तिथंच असते. जीभ रोज साफ करा, मागच्या भागापर्यंत. तोंड कोरडं पडलं की वास वाढतो, म्हणून पाणी पीत राहा. एवढं करूनही वास राहिला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.