कोबाल्ट-६० मधले ६० कुठून आले?

वाशीत २००० सालापासून मसाल्यांवर विकिरणाची प्रक्रिया करणारा सरकारी प्रकल्प आहे. मिरचीपूड, हळद यांतले जंतू कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मारले जातात. नावातला ६० हा आकडा म्हणजे २७ प्रोटॉन आणि ३३ न्यूट्रॉन. हा हिशेब जुळायला १९३२ साल उजाडावं लागलं.

इलेक्ट्रॉन सर्वात आधी हाती लागला, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनना. पुढे मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे जड, धनभारित कण) सोडले. बहुतेक सरळ पार गेले, मोजके मात्र चक्क मागे फिरले. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्डनी केंद्रक मांडलं: अणूच्या साधारण एक लाखांश व्यासात जवळजवळ सगळं वस्तुमान. दोनच वर्षांनी मोझलींच्या क्ष-किरण मोजणीने अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या, पक्का झाला. कोबाल्ट २७, निकेल २८. तोवर वजनावरून या दोघांची जागा ठरवताना घोळ व्हायचा, कारण कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड आहे.

पण कोबाल्टचे प्रोटॉन २७ आणि वजन प्रोटॉनच्या ५९ पटींच्या आसपास, मग उरलेला भार कशाचा? केंद्रकात जादा प्रोटॉन आहेत आणि त्यांचा विद्युतभार मारायला आतच इलेक्ट्रॉनही आहेत, अशी समजूत बरीच वर्षं चालली. पाठ्यपुस्तकं हा भाग गाळतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. १९२० मध्ये रदरफर्डनी विद्युतभार नसलेल्या कणाचा अंदाज बांधला होता. अल्फा कण बेरिलियमवर आदळले की निघणारे किरण मेणातून प्रोटॉन उडवतात, हे पॅरिसमध्ये ज्योलिओ-क्युरी दांपत्याने पाहिलं, पण ते त्यांना गॅमा किरण वाटले. १९३२ मध्ये केंब्रिजच्या जेम्स चॅडविकनी ऊर्जेचं गणित मांडून दाखवलं की हा प्रोटॉनइतक्याच वजनाचा कण आहे. तोच न्यूट्रॉन.

निसर्गात मिळणारा कोबाल्ट ५९ च असतो. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन गिळला की तो ६० होतो. सव्वापाच वर्षांत त्यातला निम्मा निकेल होऊन जातो, आणि त्या बदलात गॅमा किरण निघतात, १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे (एमईव्ही हे अशा किरणांची ऊर्जा मोजायचं एकक). केंद्रकातून न्यूट्रॉन उखडायला एवढी ऊर्जा पुरत नाही, म्हणून मसाला किरणोत्सारी होत नाही.

प्रोटॉनचं काम खारघरला. तिथल्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात २०२३ पासून कर्करोगाच्या गाठींवर प्रोटॉनचा झोत सोडतात. हायड्रोजनच्या अणूतला एकुलता इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो हा प्रोटॉन.