शुद्धिहरण : रुग्णाचा अनुभव

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला त्या अवधीत व शुद्धीवर येताना जे जाणवते, त्याचा येथे विचार केला आहे. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचे औषध देताना हातात जळजळ होते आणि साधारणतः मिनिटभरात शुद्ध हरपते. त्यापुढची आठवण थेट जागे होतानाची. मात्र वेदना न होणे, शुद्ध नसणे आणि मागाहून न आठवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाच्या सांगण्यावरून कळते ती फक्त तिसरी.

हा घोळ अगदी आरंभापासूनचा आहे. बॉस्टन येथे जानेवारी १८४५ मध्ये दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हा वायू देऊन एका रुग्णाचा दात काढला, तेव्हा रुग्ण ओरडला व प्रयोग फसला असे ठरले. परंतु आपल्याला फारसे दुखले नाही, असे त्याने नंतर सांगितल्याची नोंद आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात शस्त्रक्रियेसाठी ईथर (हुंगवून भूल देण्याचे द्रव्य) दिलेला रुग्ण गिल्बर्ट ॲबट यशाचे उदाहरण मानला गेला. मानेवर खरवडल्यासारखे वाटले, असे मात्र त्याने सांगितले. ॲबटची शुद्ध पूर्ण हरपली नव्हती, असेच मानणे सयुक्तिक दिसते.

पुढे १९४२ मध्ये माँट्रिऑल येथे ग्रिफिथ व जॉन्सन या डॉक्टरांनी भुलीच्या जोडीला स्नायू शिथिल करण्यासाठी क्युरारे हे औषध वापरले. तेव्हापासून हालचाल हे जागेपणाचे भरवशाचे लक्षण उरले नाही. यावर भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये एक युक्ती सुचवली. शिथिलक देण्यापूर्वी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध तेथवर पोचत नाही व तो हात हलू शकतो. अशा तपासणीत काही रुग्ण सूचनेनुसार हात दाबतात, पण त्यांतल्या बहुतेकांना नंतर काहीही आठवत नाही.

आठवणीसह जाग येण्याच्या प्रमाणाबाबत मतभेद आहेत. रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारून केलेल्या पाहण्यांत ते हजारी एक ते दोन आढळते. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या मोठ्या पाहणीत ते सुमारे १९,००० भुलींमागे एक निघाले. सिझेरियनमध्ये बरेच जास्त, सुमारे ६७० मागे एक. ही पाहणी रुग्णांनी आपणहून केलेल्या तक्रारींवर आधारलेली होती, त्यामुळे तफावतीचे मोठे कारण विचारण्याच्या पद्धतीत असावे. अशी जाग बहुधा भूल चढताना किंवा उतरताना येते व थोडा वेळच टिकते. आवाज ऐकू येतात, पण हात हलवता येत नाही. वेदनेपेक्षा या जखडलेपणाचीच धास्ती अनेकांच्या मनात राहते. केटामीन या भुलीच्या औषधाने स्पष्ट, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात.

शुद्धीवर येताना कुडकुडणे, मळमळ, श्वासासाठी घातलेल्या नळीमुळे घसा खवखवणे नेहमीचेच. वृद्धांत काही दिवस भ्रम राहू शकतो. साठीपुढील रुग्णांच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के व तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के जणांची स्मरणशक्ती, एकाग्रता यांसारख्या चाचण्यांतील कामगिरी घटलेली आढळली. दोष भुलीला दिला जातो. परंतु पाठीत सुई देऊन फक्त शरीराचा भाग बधिर केलेल्यांतही तीन महिन्यांनी प्रमाण जवळपास तेवढेच दिसल्याने शस्त्रक्रियेमुळे शरीरात उठणारा दाहच अधिक कारणीभूत असावा.