कॉम्प्युटरची झोप आणि न उठण्याचे बिघाड

कॉम्प्युटर वापरात नसला की त्याला कमी करंटवर नेऊन ठेवायचं आणि बटण दाबलं की काम जिथं सोडलं तिथूनच परत सुरू करायचं, या सगळ्या व्यवस्थेला पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. सांगली-मिरजेकडं हा शब्द कुणाच्या तोंडात नाही. दुकानात गिऱ्हाईक येऊन सांगतं ते असं, "झोपलाय तो उठंना", "पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाय", नाहीतर "रात्री आपोआप चालू होतंय ओ". तक्रारी तीन, पण तिन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते, ती म्हणजे बंद दिसणारा कॉम्प्युटर खरं तर बंद नसतो.

एटी म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याची जुनी पद्धत, तसल्या कॅबिनेटचं बटण थेट २३० व्होल्टची लाईन तोडायचं, खटका वाजला की विषय संपला. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स ही नवी पद्धत आणली आणि तेव्हापासून पुढचं बटण फक्त मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, सांगतं की बाबा उठ किंवा झोप, प्रत्यक्ष तोडत काहीच नाही. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या करंट पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट कायम असतात, शटडाऊन केल्यावर पण. म्हणूनच रॅम काढायला कॅबिनेट उघडायच्या आधी भिंतीतली पिन काढायची असते, आणि म्हणूनच अडकलेल्या मशीनवरचा पहिला उपाय म्हणजे पिन काढून पॉवरचं बटण पंधरावीस सेकंद दाबून धरणं. असं केलं की आत साठलेला चार्ज उतरतो आणि बोर्ड अगदी पहिल्यापासून सुरू होतो. लॅपटॉपची बॅटरी निघत असली तर ती पण काढायची. हा उपाय फुकटचा आहे म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही, "एवढंच?" म्हणतात.

झोपेचे प्रकार ठरवणारा नियम म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी तो डिसेंबर १९९६ मध्ये काढला, २०१३ पासून तो यूईएफआय फोरम या कंपन्यांच्या संघटनेकडं आहे. त्याच्या आधी १९९२ पासून एपीएम हा जुना नियम होता, त्यात झोपवायचं-उठवायचं काम बायोसच, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्रामच, बघायचा आणि विंडोजला बरंचसं कळायचंच नाही, एसीपीआयनं हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात दिला. एस० म्हणजे जागा, एस३ म्हणजे बाकी सगळं बंद आणि फक्त रॅम जिवंत, एस४ म्हणजे रॅममधला माल डिस्कवर लिहून करंट तोडला, यालाच हायबरनेट म्हणतात, आणि एस५ म्हणजे आपलं नेहमीचं शटडाऊन. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस३ काढूनच टाकलंय, त्याच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आहे, म्हणजे मोबाईलसारखं स्क्रीन काळी पण आत थोडंफार चालूच. असा लॅपटॉप बॅगेत ठेवून साताऱ्याहून पुण्याला जावा, बाहेर काढाल तेव्हा गरम आणि बॅटरी निम्मी, यात बिघाड असतोच असं नाही, त्याची झोपच कुत्र्याची आहे. प्रवासाला निघताना हायबरनेट करावं. आपल्या मशीनला कुठली झोप येते हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि ए (powercfg /a) असं टाईप करायचं, यादी समोर येते.

आता सांगलीच्या दृष्टीनं महत्त्वाचं. एस३ मध्ये रॅम त्या ५ व्होल्टवरच जगते, त्यामुळं झोपलेल्या डेस्कटॉपची लाईट गेली आणि यूपीएस नसला की उघडी ठेवलेली एक्सेल गेलीच म्हणून समजा. यावर विंडोज व्हिस्टापासून हायब्रिड स्लीप आहे, त्यात रॅम पण जिवंत ठेवतात आणि एक प्रत डिस्कवर पण लिहितात, लाईट राहिली तर पटकन उठतं, गेली तर उशिरा उठतं पण काम शाबूत. पॉवर ऑप्शन्समध्ये असतं ते, डेस्कटॉपवाल्यांनी चालू आहे का तेवढं बघून घ्यावं.

फास्ट स्टार्टअप ही आणखी एक भानगड. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नाही, विंडोजचा गाभा हायबरनेट करून ठेवतात म्हणजे सकाळी लवकर सुरू होईल. पण काल बिघडलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, आज तसाच्या तसा परत येतो. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की दहा वेळा बंद-चालू केलं, खोटं काय बोलत नाही, पण एकदा रिस्टार्ट केलं असतं तर भागलं असतं कारण रिस्टार्टला हा शॉर्टकट लागू नाही.

ड्रायव्हरचं असं आहे की झोपताना प्रत्येक डिव्हाइसला डी० म्हणजे पूर्ण चालू, तिथपासून डी३ म्हणजे बंद, इथपर्यंत खाली उतरवायचं आणि उठताना परत वर आणायचं हे काम त्याच्या ड्रायव्हरचं असतं, आणि वीसपंचवीस डिव्हाइसमधला एक जरी मध्येच बसून राहिला तर सगळी वरात अडते. स्क्रीन काळी, पंखा चालू, किंवा ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर असं लिहिलेली निळी स्क्रीन. संशय पहिला ग्राफिक्स, मग वायफाय, मग चिपसेट, याच क्रमानं ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरनं घ्यावेत. तसले ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर घालू नये, एक दुखणं घालवताना दोन आणतात.

यूएसबीचं दुखणं ई-सेवा केंद्रात जास्त दिसतं. थंबचं मशीन सकाळी चालतं, जेवून आलं की चालत नाही, वायर काढून घातली की परत चालतं. मशीन खराब नाही, करंट वाचवायला विंडोजनं तो पोर्टच झोपवलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली टिक काढायची, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करायचं. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणाखाली कोड असतो, तो वाचायचा कंटाळा करू नये. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, २२ म्हणजे कुणीतरी डिसेबल केलंय, १० म्हणजे डिव्हाइस सुरू होईना, ४३ म्हणजे डिव्हाइसनंच तक्रार केली म्हणून विंडोजनं थांबवलं. ४३ आला तर आधी मागच्या पोर्टला लावून बघा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची वायर बारीक आणि लांब, एक्स्टर्नल हार्ड डिस्क तिथं टिकटिक करत बसते.

आपोआप उठण्याला भूत-बित काही नसतं. पॉवरसीएफजीला स्लॅश लास्टवेक (powercfg /lastwake) जोडलं की शेवटी कुणी उठवलं ते सांगतो, बऱ्याचदा लॅन कार्ड, अपडेटचा टायमर नाहीतर माऊस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा ट्रक शेजारनं गेला की टेबल हलतं आणि ऑप्टिकल माऊस मशीन उठवतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. तिथल्या मशीनचा एसएमपीएसचा पंखा पण पिवळाधमक असतो, हळदीची भुकटी आत बसली की गरम होऊन बंद पडतं आणि लोक विंडोज परत टाकत बसतात. ब्लोअर मारावा, पण एसएमपीएस खोलू नये, आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावर लगेच उतरतातच असं नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ दिसला की काही मेकॅनिक एसएमपीएस बदला म्हणतात. ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता गेलं, का गेलं ते त्यात नाही. लाईट गेल्यामुळं पण येतो, हँग झाल्यावर तुम्ही बटण दाबून बंद केलं तरी येतो. आमच्या एका ओळखीच्यांकडं याच कारणावरनं दोन एसएमपीएस बदलले गेले, शेवटी निघाला ढिला एक्स्टेन्शन बोर्ड.

त्यामुळं बोर्डावर बोट ठेवायच्या आधी भिंतीकडं बघावं. इन्व्हर्टरवर असलेला कॉम्प्युटर लाईट जाताच रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. चांगला एसएमपीएस करंटशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये त्यापेक्षा उशिरा बदली करतो. यूपीएस मोडमध्ये बदली पटकन होते, पण व्होल्टेज जरा पडलं की तो बॅटरीवर जातो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोनतीन वर्षांत दमते, दिवा हिरवाच असतो आणि वेळेला पाच सेकंद पण काढत नाही. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगचा प्रश्न असतो, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात, अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं, नसेल तर एचडीएमआय किंवा प्रिंटरची वायर घालताना पोर्टातनं वाट काढतं आणि पोर्ट जळतो. अशा ठिकाणी मेकॅनिकच्या आधी वायरमनला बोलवावं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा भिजलेल्या मशीनमध्ये एक गोष्ट ठळक दिसली, पाण्यात नुसतं भिजणं वेगळं आणि अंगात करंट असताना भिजणं वेगळं. ज्यांच्या पिना काढून ठेवल्या होत्या ते बोर्ड धुऊन वाळवून काही उठले, ज्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आतच राहिल्या त्यांचे कॉपरचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले गेले. भिजलेलं मशीन चालू करून बघायचा मोह आवरावा, बॅटरी काढावी, आणि बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल पण काढावा.

हा सेल ३ व्होल्टचा, किंमत अगदी किरकोळ. बरीच वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये तो उतरतो, मग पिन काढली की बायोसच्या सेटिंगबरोबर झोपेची सेटिंग पण जाते आणि तारीख कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसते. तारीख चुकली की बँकेची न् सरकारी साईट सर्टिफिकेटची तक्रार करत उघडत नाही, आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन लावून भांडत बसतो.