416416: सांगलीचा पिनकोड गणिताच्या तराजूत

सांगलीचा पिनकोड पाठ करावा लागत नाही. 416 म्हणायचं आणि तेच पुन्हा म्हणायचं. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाले, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. पहिले तीन अंक टपाल वेगळं करण्याचा भाग सांगतात, पुढचे तीन पोस्ट ऑफिस. सांगलीच्या वाट्याला दोन्हीकडे 416 आलं, हा निव्वळ योगायोग.

या आकड्याला 7 ने भागा, 59488 येतात. त्याला 11 ने भागा, 5408. त्याला 13 ने, आणि पुन्हा 416 हजर! जादू वगैरे काही नाही. तीन अंकी संख्या दोनदा लिहिणं म्हणजे तिला 1001 ने गुणणं, आणि 1001 = 7 × 11 × 13. साताऱ्याच्या 415001 ला मात्र या तिघांपैकी एकानेही पूर्ण भाग जात नाही.

म्हणजे 7, 11 आणि 13 हे पुनरावृत्तीसोबत फुकट मिळालेले. सांगलीची स्वतःची कमाई 416, म्हणजे 32 × 13. एकूण हिशेब असा: पाच वेळा 2, दोनदा 13, एकदा 7, एकदा 11. यातून 72 विभाजक तयार होतात. स्वतः 416416 वगळून बाकीच्यांची बेरीज 690368, मूळ संख्येपेक्षा कितीतरी जास्त. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं. इथे बेरीज 22, भागाकार 18928. सांगली हर्षद! पण खरं सांगायचं तर 4, 1 आणि 6 यांची बेरीज नेमकी 11 आहे म्हणून हे जमलं. 11 तर 1001 मधून आधीच आत बसलेला होता.

मला सगळ्यात आवडतो तो गुण वेगळाच. ज्या संख्येच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज करून तिच्यापेक्षा लहान प्रत्येक संख्या मिळवता येते, अशा संख्यांना ए. के. श्रीनिवासन यांनी 1948 मध्ये ‘प्रॅक्टिकल नंबर’ म्हटलं. हळदपेठेतल्या गावाला तो वजनांतूनच समजेल. 72 विभाजकांएवढ्या ग्रॅमची प्रत्येकी एकच वजनं करून घ्या. 1, 2, 4, 8, 16, 32 या सहा वजनांत 63 ग्रॅमपर्यंतचं काहीही तोलता येतं. मग त्यांच्या सातपट वजनं घ्या: 7, 14, 28 असं 224 पर्यंत. दोन सातांमधली फट सहा ग्रॅमची, ती पहिल्या वजनांनी सहज भरते, आणि आपण सलग 504 ग्रॅमवर पोहोचतो. 11 आणल्यावर 6048. शेवटी 13 आणि 169 आले की 1106 किलो 784 ग्रॅमपर्यंत मधला एकही ग्रॅम सुटत नाही. तराजू तेवढा दणकट हवा, कारण सगळ्यात मोठं वजन एकटंच 416 किलो 416 ग्रॅमचं आहे.