पिल्लं घालते म्हणून मुशी सस्तन? नाही हो

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मुशी, म्हणजे शार्क, घेताना कोणीतरी हमखास ज्ञान देतं, की ही अंडी नाही घालत, डायरेक्ट पिल्लं देते, म्हणजे ही मासा नाहीच, डॉल्फिनसारखी सस्तन आहे. व्हॉट्सॲपवर पण हेच फिरत असतं. अर्धं खरंय. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या छोट्या मुशीची पिल्लं खरंच आईच्या पोटात वारेसारख्या अवयवातून पोषण घेऊन वाढतात, आणि हे भारी आहेच, पण त्याने ती सस्तन होत नाही.

सस्तन ठरतो तो पिल्लाला दूध पाजण्यावरून, अंगावरच्या केसांवरून वगैरे. मुशीला दूध नाही, केस नाहीत, ती कल्ल्यांनी श्वास घेते आणि तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. डॉल्फिनला मात्र श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि तो शेपूट वरखाली मारतो, मुशी आडवी. आणि पिल्लं घालण्याचंच म्हणाल तर पुण्याच्या टेकड्यांवर सापडणारी घोणस पण पिल्लंच घालते, तिला कोणी सस्तन म्हणतं का? उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो तरी सस्तन, कारण दूध पाजतो.

गंमत म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही 1758 मध्ये देवमाशांना बरोबर सस्तनांत टाकलं पण शार्कना माशांत न ठेवता बेडूक-सापांच्या गटात बसवलं होतं, ते नंतर दुरुस्त झालं. त्यामुळे बाजारातल्या काकांना फार बोलू नका.